पावलातले मन

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिताना वात्स्यायनाने पूर्वपक्षाच्या तोंडी एक मोठे जिवंत उदाहरण घातले आहे. एक अध्यापक अरण्यातून चालला आहे. मुखाने पाठ चालू आहे, हातात कमंडलू आहे, दृष्टी वाटेवर आहे, कान रानातल्या आवाजांकडे लागले आहेत, मनात भय असल्यामुळे हिंस्र पशूंच्या खुणा तो शोधतो आहे, आणि ज्या वस्तीला पोहोचावयाचे तिचे स्मरणही त्याला आहे. इतकी सारी कामे ज्याअर्थी एकाच समयी चाललेली दिसतात, त्याअर्थी मन एक आहे, अणुपरिमाण आहे आणि एका क्षणी त्याचा एकाच इंद्रियाशी संयोग होतो, हा नैयायिकांचा सिद्धांत टिकत नाही, असा तो आक्षेप आहे. त्यावर सूत्रकारांचे उत्तर अलातचक्राचे. पेटते कोलीत गरगर फिरवले म्हणजे अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते, परंतु कोलीत कोणत्याही क्षणी त्या वर्तुळाच्या एकाच बिंदूवर असते. तसेच मन इतक्या त्वरेने एका विषयावरून दुसऱ्यावर जाते की त्याच्या येरझारांतला क्रम आपल्या लक्षात येत नाही.

ज्या गौतमाच्या सूत्रांवर हे भाष्य आहे, तो स्वतः विचारात गढून चालता चालता विहिरीत पडला आणि ईश्वराने दया येऊन त्याच्या पायांना डोळे दिले, अशी आख्यायिका आहे. ग्रीकांचा थेलीसही तारे पाहत चालला असता विहिरीतच पडला. मात्र प्लेटोने सांगितलेल्या त्या गोष्टीत ईश्वर येत नाही, एक थ्रेशियन दासी येते आणि त्याला हसते. विद्वानांच्या बाबतीत आपली परंपरा जरा अधिकच मायाळू असावी. दोन्ही गोष्टींचा इत्यर्थ एकच आहे असे आपण शाळेपासून समजत आलो, की विचारवंत माणसे व्यवहारात गाफील असतात. परंतु चालणे हे विचाराचे प्रतिस्पर्धी होऊ शकते, दोघांनाही एकाच मनातून वाटा घ्यावा लागतो, हे या गोष्टींतले खरे तत्त्वज्ञान हसण्याच्या भरात निसटून जाते.

भाष्यकाराने त्या अध्यापकाचे वय सांगितलेले नाही. पाठ म्हणत, कमंडलू सावरीत, व्याघ्राची चाहूल घेत जो वाट कापतो तो बहुधा तरणाबांड असावा, कारण कोलीत जोरात फिरत असेल तरच वर्तुळ अखंड दिसते; हात थकला, वेग मंदावला, की वर्तुळ तुटते आणि ठिणगी कोठे आहे व कोठे नाही हे दिसू लागते. वार्धक्यात मनाचे नेमके हेच होते, आणि ते दिसण्यासाठी तर्कशास्त्राची गरज लागत नाही. स्वीडनमधील उमिओ येथील संशोधकांनी 1997 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. वृद्धांसाठी असलेल्या निवासातील 58 जणांबरोबर चालत असता सोबतच्या माणसाने सहज बोलणे काढावयाचे, आणि बोलण्यास आरंभ होताच ती व्यक्ती चालत राहते की थांबते, एवढेच पाहावयाचे, अशी ती साधी तजवीज होती. बारा जण थांबले. पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. इतक्या बिनखर्ची परीक्षेने इतके स्पष्ट भाकीत वर्तवता यावे, याचे वैद्यकाला नवल वाटले. नैयायिकाला वाटले नसते.

कारण उघड आहे. तारुण्यात पाऊल टाकण्याचा कारभार मेरुरज्जू आणि लहान मेंदू यांच्याकडे सोपवलेला असतो, आणि डोळे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा व तळपायाची स्पर्शसंवेदना या तिघांकडून येणारी वर्दी इतकी चोख असते की वरिष्ठ मनाला त्याची खबरही लागत नाही. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, मधुमेहाने तळपाय बधिर होतात, कानातला तोल कमकुवत होतो. आणि जे काम इतकी वर्षे कचेरीतल्या कारकुनांच्या हातून बिनबोभाट उरकत होते, त्याचा एकेक कागद खुद्द मामलेदाराच्या सहीसाठी वर येऊ लागतो. अशा वेळी कोणी मामलेदाराला दुसऱ्याच प्रकरणात गुंतवले, तर खालचा कागद तसाच पडून राहतो, आणि पाऊल हा कागद तर क्षणभरही तहकूब ठेवता येत नाही. जगात दर वर्षी सुमारे 6,84,000 माणसे पडून मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि त्यांत साठीपलीकडच्यांचा भरणा सर्वांत मोठा असतो. खुब्याचे हाड मोडून जे अंथरुणाला खिळतात त्यांची गणती यात नाही.

येथपर्यंत प्रश्न वैद्यकाचा आहे. परंतु आपल्याकडे त्याला एक धार्मिक बाजू आहे, आणि ती मला अधिक बिकट वाटते. मनूने सांगितले की अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंडाचे मुख पाहिले की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. आणि अरण्यात जाणे आता कोणाला शक्य नसले तरी त्या आज्ञेतला आशय आपण सोडलेला नाही. शरीरावरचे मन काढून ते ईश्वरावर ठेवावे, हीच उतारवयाची शोभा मानली जाते. ‘आता काय, देवाचे नाव घेत बसायचे’ हे वाक्य आपल्या घरोघरी अर्ध्या खेदाने आणि अर्ध्या समाधानाने उच्चारले जाते. आणि नेमक्या याच काळात शरीर उलट मागणी करते. साठ वर्षे ज्या पावलांनी कधी काही मागितले नाही ती आता प्रत्येक क्षणी मन मागतात. देहबुद्धी सोडण्याचा उपदेश ज्या वयाला केला जातो, त्याच वयाला देह इतका हट्टी होतो, की त्याच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्या विरक्ताला तो न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आपली सत्ता दाखवतो. मग प्रश्न असा, की पायरी उतरताना जे मन पावलाला दिले, ते ईश्वराकडून काढून घेतले असे समजावयाचे काय?

या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत निःसंदिग्ध उत्तर जैनांच्या उत्तराध्ययनसूत्रात आहे. त्याच्या चोविसाव्या अध्ययनात पाच समितींचे विवेचन येते आणि त्यांतली पहिली ईर्यासमिती, म्हणजे चालण्यातला संयम. साधूने दिवसा, डोळ्यांनी पाहत, पुढची सुमारे चार हात भूमी न्याहाळीत चालावे, हा भाग बहुतेकांना ऐकून माहीत असतो. परंतु त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की चालणाऱ्याने इंद्रियांचे विषय तर वर्ज्य करावेतच, शिवाय पाचही प्रकारचा स्वाध्याय त्या वेळेपुरता बाजूला ठेवावा आणि केवळ गमनाशी तन्मय व्हावे. हे वाचताना मी थबकलो. स्वाध्याय ही जैन परंपरेत आभ्यंतर तपात गणलेली गोष्ट. तिला शब्द, रूप, गंध यांच्या पंगतीस बसवून दोघांनाही एकाच फर्मानाने बाहेर काढावयाचे, याला मोठे धैर्य लागते. चालताना शास्त्र आठवणे हा सुद्धा विक्षेपच, असे ज्या शास्त्राने सांगितले त्याने आपल्या स्वतःच्या महत्त्वाची मर्यादाही जाणली होती. ही आज्ञा पायाखालच्या जीवांच्या रक्षणासाठी आहे, चालणाऱ्याच्या हाडांसाठी नव्हे, हे खरे. पण तिने मनाच्या शक्तीचा जो हिशेब मांडला आहे तो दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

यावर महाराष्ट्रातला कोणीही तत्काळ वारीचा दाखला देईल, आणि तो देणे योग्यच आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची वाट सत्तरी ओलांडलेली माणसे मुखाने नाम घेत चालतात. चालणे आणि भजन यांत वैर असते तर ही परंपरा इतकी शतके टिकली नसती. परंतु दिंडीतले पाऊल जरा जवळून पाहावे. टाळाच्या ठोक्यावर पाऊल पडते, पखवाज त्याला मागे-पुढे होऊ देत नाही, आणि तोंडातले नाम असे असते की ते शोधावे, जुळवावे किंवा आठवावे लागत नाही. येथे दोन कामे नाहीतच. लय ही एकच वस्तू मुखात आणि पायांत वाटली गेली आहे. जिनिव्हामध्ये 65 वर्षांवरील 134 जणांना घेऊन झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पियानोच्या बदलत्या तालावर चालण्याचे जाक-दालक्रोझ पद्धतीचे शिक्षण सहा महिने घेतलेल्यांचे पडणे कमी झाल्याचे आढळले. शास्त्रज्ञांनी पियानो निवडला, आपल्या पूर्वजांनी टाळ. याउलट शंभरातून सात सात वजा करीत चालावयास सांगितले की त्याच वृद्धांची चाल अडखळते. तेव्हा विक्षेप नामाचा नसतो, हिशेबाचा असतो. दिंडीत गप्पा होत नाहीत किंवा चालता चालता घरच्या शेताची काळजी कोणी करीत नाही असे नाही. पण तेव्हा बहुधा पाऊलही आपसूक मंदावते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना ज्ञानदेव अहिंसक पुरुष भूमीवर पाऊल कसे ठेवतो याचे वर्णन करू लागतात आणि त्यांना तेथून निघवतच नाही. कमळातील केसर चुरगळेल म्हणून भ्रमर जसा हलक्या पायांनी उतरतो, तशी त्या पुरुषाची चाल ते रंगवतात. 1290 साली सिद्ध झालेल्या या ग्रंथात पाऊल हे करुणेचे स्थान झाले आहे, देहबुद्धीचे नव्हे. मग माझा आग्रह एवढाच की करुणेच्या या हद्दीतून चालणाऱ्याला स्वतःलाच वगळण्याचे कारण नाही. मुंगी चिरडू नये म्हणून जो भूमी न्याहाळतो त्याने आपले खुब्याचे हाड मोडू नये म्हणूनही ती न्याहाळावी, आणि त्यात स्वार्थ झाला असे वाटून घेऊ नये. देहाकडे लक्ष देणे म्हणजे देहात गुंतणे, ही समजूत मला कच्ची वाटते. गुंतलेला मनुष्य आरशापुढे सापडतो, पायरीवर नव्हे.

पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या पसरट आणि उतरत्या आहेत; एका पायरीवर एकाहून अधिक पावले टाकावी लागतात, आणि प्रत्येक पायरीगणिक कोणते पाऊल पुढे येणार याचा निकाल नव्याने लावावा लागतो. तेथे एके सकाळी एक वृद्ध गृहस्थ कठड्याला डावा हात टेकीत उतरताना दिसले. मागे दोन पायऱ्यांवर त्यांची सून होती. ‘आबा, रक्तदाबाची गोळी घेतलीत ना?’ तिने विचारले. ते थांबले; दोन्ही पाय एका पायरीवर जुळवले, हात कठड्यावर घट्ट केला, ‘घेतली’ म्हणाले, आणि मग पुढचे पाऊल टाकले. चार पायऱ्यांनंतर पुन्हा काहीतरी विचारणा झाली, पुन्हा तोच विधी. सून थोडी वैतागली असावी, कारण मागून उतरणारे खोळंबले होते. मला मात्र त्या थांबण्यात उमिओच्या टिपणातला दोष दिसलाच, पण त्याबरोबर एक शहाणपणही दिसले. मन दोन ठिकाणी देता येत नाही हे त्यांनी कबूल केले होते आणि त्याची वाटणीही करून टाकली होती, आधी पाऊल, मग उत्तर. धोका त्यांना होताच; पण भिडेखातर चालता चालताच उत्तर देऊ पाहणाऱ्याला तो त्याहून मोठा असता.

आपल्या नीतिशास्त्रात वृद्धांशी कसे बोलावे याचे नियम पुष्कळ आहेत, पण केव्हा बोलू नये याचे फार थोडे. उंबरठा ओलांडणाऱ्या आजीला दुसऱ्या खोलीतून हाक मारणे, जिना उतरणाऱ्याकडून बँकेच्या पासबुकाची चौकशी करणे, किंवा रस्ता ओलांडणाऱ्याला फोन लावणे, यांत कोणाचा काही वाईट हेतू नसतो. तथापि ज्याच्याकडे मनाची शिल्लक थोडी उरली आहे त्याच्याकडून भर वाटेत वसुली करणे हे अहिंसेच्या व्यापक अर्थाने पाहता निर्दोष नाही. चपला, दिवे, न्हाणीघरातली पकडण्याची दांडी यांचा बंदोबस्त सुज्ञ लोक करतातच. प्रश्नाची वेळ कोणी पाहत नाही.

एक मोठी अडचण मात्र उरते. या सगळ्याचा बोध वृद्धांना करून दिला की त्यांच्या मनात सावधपणाऐवजी भीती शिरते, आणि पडण्याचे भय बाळगणारे अधिक पडतात हे वैद्यकात प्रस्थापित आहे. भीतीने पाऊल आखडते, बाहेर जाणे बंद होते, स्नायू क्षीण होतात. वात्स्यायनाच्या अध्यापकाच्या यादीत ‘भय बाळगतो’ ही बाब पाठ आणि कमंडलूच्याच पंक्तीत मोजली आहे, हे तेव्हा लक्षात येते. भय हीसुद्धा मन व्यापणारी एक कामगिरीच आहे. ईर्यासमितीत ज्या ‘उपयुक्त’ म्हणजे एकचित्त अवस्थेचा उल्लेख येतो तिच्यात भय नाही, तेथे पुढच्या चार हात भूमीखेरीज दुसरे काहीच नाही. ही अवस्था उपदेशाने किंवा ताकिदीने आणता येत नाही, आणि प्रेमाच्या माणसांनी आणू म्हटली तर त्यांच्या हातून बहुधा उलटच घडते. पायरी उतरणाऱ्याला मागून ‘अहो, सांभाळून!’ अशी हाक आली की तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मान वळवून मागे पाहतो.