कोण म्हणायचं आपण?

मराठी माणसाला अनोळखी माणूस सहन होत नाही. परका चालतो, शत्रूही चालतो. शत्रूचं निदान आडनाव तरी ठाऊक असतं. पण समोरचा कोण, कुठला, कुणापैकी हे न कळता त्याच्याशी दहा मिनिटं बोलायची वेळ आली, की आपल्या पोटात कालवाकालव सुरू होते. मुंबईहून पुण्याला निघालेल्या गाडीत कल्याण सुटायच्या आत शेजाऱ्याचं मूळ गाव, कर्जत यायच्या आत त्याची नोकरी आणि घाट चढून होईपर्यंत त्याच्या मुलीचं अडलेलं लग्न, एवढं हाती लागलं नाही तर प्रवास फुकट गेला असं मानणारी आपली जात. ‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपण भूगोल म्हणून विचारत नाही. आणि ‘आडनाव काय म्हणालात?’ या प्रश्नानंतर मनातल्या मनात जो हिशेब चालतो, तो कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नाही. पण चालतो मात्र सगळ्यांचा.

अशा या समाजाच्या हातात एके दिवशी फेसबुक आलं. २००४ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या पोरांनी एकमेकांना ओळखावं म्हणून निघालेली ही वही. आपल्यापर्यंत पोचेस्तोवर ती न ओळखणाऱ्यांनी ओळख मागण्याची जागा झाली होती. सकाळी चहाचा पहिला घोट घ्यावा आणि कुणा ‘निशिगंध’ची मैत्रीची विनंती यावी. फोटोच्या जागी निशिगंधाची काडी. शिक्षण : जीवनाच्या शाळेत. नोकरी : स्वतःच्या मनाचा राजा. गाव : जिथे वाट नेईल तिथे. आता अशा माणसाला ‘मूळचे कुठले’ म्हणून विचारायचं तरी कुठे?

मग आपण शोधतो सामायिक मित्र. निघतात सत्तेचाळीस! जीव भांड्यात पडतो. सत्तेचाळीस सभ्य माणसं ज्याला ओळखतात तो सभ्यच असणार. त्यातल्या एकाला फोन करून विचारावं, तर तो म्हणतो, ‘मी नाही बुवा ओळखत. पण सामायिक मित्र शेहेचाळीस दिसले, म्हणून घेतलं करून.’ उरलेल्या शेहेचाळिसांचंही हेच उत्तर. म्हणजे पहिल्यानं कुणाच्या भरवशावर दार उघडलं, हा प्रश्न सृष्टीच्या आदिकारणाइतकाच गूढ आहे.

याच्या पुढचे लोक फोटोची उलटतपासणी करतात. २०११ पासून गूगलनं ही सोय केली आहे : फोटो त्याच्यापुढे टाकला, की तो आणखी कुठे कुठे छापून आलाय ते सांगतो. आपल्याला ‘हाय’ म्हणणारी शालीन मुलगी मग एखाद्या चष्म्याच्या जाहिरातीत सापडते. पण आता तेही दिवस गेले. २०१९ पासून तर जगात नसलेल्या माणसाचा चेहरा क्षणात तयार करून देणारी यंत्रं कुणालाही वापरता येऊ लागली. डोळे, नाक, गालावरची खळी, सगळं आहे. फक्त माणूस नाही. आपल्या संतांनी निर्गुण निराकाराची सवय लावून ठेवली होती. सगुण आहे, साकार आहे, पण मुळात नाहीच, हा प्रकार त्यांच्याही कल्पनेत बसला नसता.

आता हे सारं नवं आहे असं समजू नका. अशोकवनात हनुमान येऊन ‘मी रामाचा दूत’ म्हणाला, तेव्हा सीतेनं काही लगेच विनंती मान्य केली नाही. साधूच्या वेषात आलेल्या रावणानं आधी एकदा हात दाखवलेला होता. तिनं सांगितलं, ‘तू रामाचा, तर मग राम दिसतो कसा ते वर्णन कर.’ हनुमानानं अंगावरच्या खुणांसकट वर्णन केलं आणि मग अंगठी पुढे केली. क्रम लक्षात घ्या : आधी माहितगारालाच ठाऊक असलेली खूण, मग कागदपत्र. बँका आज नेमका हाच क्रम पाळतात, फक्त त्यांना रामाऐवजी आईचं माहेरचं आडनाव लागतं. पांडवांनी तर विराटाच्या दरबारात एकदम सहा खोटी खाती उघडली होती : कंक, बल्लव, बृहन्नडा आणि मंडळी. वर्षभर दुर्योधनाच्या हेरांना पत्ता लागला नाही. शेवटी अर्जुन ओळखू आला तो शंखाच्या आवाजावरून. द्रोणाचार्यांनी आवाज ऐकला आणि शिष्य ओळखला. माणूस नाव बदलू शकतो, वेष बदलू शकतो. शंख फुंकायची तऱ्हा बदलत नाही. तीन ओळींत चार उद्गारचिन्हं टाकणारा साडू कुठल्याही टोपणनावानं लिहो, आपल्याला कळतोच.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा लेख करमणुकीत संपला असता. पण मनाला एक प्रश्न टोचत राहतो. पडद्यामागे कोण आहे हे शोधता येतं, म्हणून शोधावं का? मला उत्सुकता आहे, एवढ्यानं मला हक्क मिळतो का?

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक निघालं. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्या कथांत अशी मांडली होती, की सभ्य महाराष्ट्र खवळून उठला. कथा खऱ्या की खोट्या हा प्रश्न बाजूलाच राहिला. ही विभावरी कोण, याचाच शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. आता कल्पना करा, की पुस्तक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणी फोटोची उलटतपासणी करून त्यांचं नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण चव्हाट्यावर मांडलं असतं. पुस्तक राहिलं असतं, पण लिहिणारी पुढचं लिहू शकली असती का? ‘बळी’सारखी कादंबरी १९५० साली याच नावानं आली. तोवर हे नाव काही लपायची जागा राहिलं नव्हतं. स्वतः कमावलेलं घर झालं होतं.

आपलं मराठी साहित्य तरी काय, निम्मं टोपणनावांनीच उभं आहे. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावानं लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून आणि विनोद ‘बाळकराम’ म्हणून. एका माणसाची तीन खाती! ‘आरती प्रभू’ या नावामागे चिं. त्र्यं. खानोलकर होते, आजच्या काळात त्यांना कविता सुचायच्या आधी पाचशे मैत्रीच्या विनंत्या आल्या असत्या. ही माणसं कुणाला फसवत नव्हती. त्यांना बोलायला एक वेगळा आवाज हवा होता आणि त्या आवाजाला त्यांनी वेगळं नाव दिलं, इतकंच.

तेव्हा मी आपला माझ्यापुरता एक ढोबळ हिशेब केला आहे. नाव लपवणारी माणसं तीन प्रकारची : मागणारी, मारणारी आणि मांडणारी.

मागणारा म्हणजे जो आपल्याकडे काही मागतो. पैसा, विश्वास, लग्नाचं वचन. त्यानं तोंड दाखवलंच पाहिजे. मित्राच्या नावानं, मित्राच्याच फोटोसह नवं खातं येतं आणि ‘अडचणीत आहे, पंधरा हजार पाठव’ म्हणतं, तिथे भिडस्तपणाचं काम नाही. सरळ सीतामाईचा नियम लावावा : मित्राला त्याच्या जुन्या नंबरावर फोन करावा आणि कॉलेजात गणिताच्या मास्तरांना आपण काय नाव ठेवलं होतं ते विचारावं. खरा मित्र आधी हसेल. पैसे गेलेच असतील, तर १९३० हा सरकारचा मदतीचा नंबर तातडीनं फिरवावा. दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या आधारे फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मारणारा म्हणजे अंधारातून दगड टाकणारा. शिव्या, धमक्या, कुणाच्या लेकीसुनेबद्दल नको ते. त्यालाही उजेडात आणलं पाहिजे; पण ते काम पोलिसांचं. चाळीस माणसांनी मिळून चोर पकडला, की चोराआधी एखादा पोस्टमन मार खातो. २०१३ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरच्या हजारो हौशी शेरलॉक होम्सांनी फोटो जुळवून एका बेपत्ता विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं. त्याचा स्फोटाशी काडीचा संबंध नव्हता. तो आधीच मरण पावला होता, आणि त्याच्या शोधात वणवण करणाऱ्या घरच्यांच्या वाट्याला जगाच्या शिव्या आल्या. ‘आम्ही फक्त ओळख पटवत होतो’ या वाक्यातला ‘फक्त’ असा महाग पडतो.

राहिला मांडणारा. जो काही मागत नाही, कुणाला मारत नाही, नुसतं काही सांगतो. आमच्या वसाहतीत मध्यंतरी एका फुलाच्या नावानं कुणीतरी रोज चार ओळी लिहायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी दुपार, सासूबाईंचं दुखणं, नोकरी सोडल्यावर रिकामी पडलेली पर्स. विनोदी लिहायचं, आणि वाचून झाल्यावर घशात काहीतरी अडकायचं. सगळी वसाहत वाचत होती. तेवढ्यात एका निवृत्त गृहस्थांनी फोटोतल्या खिडकीची जाळी आणि कढीपत्त्याची कुंडी यांवरून मजला काढला, मजल्यावरून घर काढलं आणि विजयी मुद्रेनं वसाहतीच्या व्हॉट्सॲपवर जाहीर केलं. बत्तीस जणांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ते फूल दिसलं नाही. खिडकीतली कुंडी दिसते. तिच्यावरून आता कुणाला काही कळत नाही.

त्या गृहस्थांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, हीच यातली गंमत आणि हीच यातली गोम. खरी गोष्टसुद्धा चोरता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण त्या निकालाची प्रत खिडकीच्या जाळीला थोडीच लावून ठेवता येते? त्याच वर्षी फेसबुकनं भारतात प्रोफाइलचा फोटो कुणी उचलू नये म्हणून खास कुलूप काढलं, कारण इथल्या कितीतरी बायका स्वतःचा चेहरा लावायला धजत नव्हत्या. म्हणजे फोटोच्या जागी फूल दिसलं, तर दर वेळी भामटाच असतो असं नाही. कधी कधी तिथे फक्त भीती असते, आणि तिनं जरा बरा वेष केलेला असतो.

आपल्या ऋषींनी ‘कोऽहम्’, मी कोण, या एका प्रश्नावर आयुष्यं काढली. आपण तो पेपर कोरा ठेवून एकदम ‘तू कोण’ या दुसऱ्या पेपरला बसलो आहोत. आपल्या स्वतःच्या खात्यावर तरी कोण असतं? बारा वर्षांपूर्वीचा, भरगच्च केसांचा, महाबळेश्वरला हसणारा एक इसम. छंद : वाचन. त्याला हुडकत कुणी दारात आलंच, तर दार उघडणाऱ्याकडे बघून पत्ता चुकला असंच म्हणेल.

म्हणून मला वाटतं, ओळख विचारायला हरकत नाही. ‘कोण म्हणायचं आपण?’ हा आपला प्रश्न मोठा गोड आहे, फक्त त्याच्या पुढे थोडं थांबता आलं पाहिजे. आपल्याकडे नव्या सुनेला नवऱ्याचं नाव घ्यायला लावतात, तेसुद्धा आग्रह करकरून. ती लाजते, आढेवेढे घेते, दोन ओळींत गुंडाळून, तिच्या वेळेनं नाव घेते. आणि सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेलं ते नाव ऐकायला सगळे कान टवकारून बसतात. नाव असं घ्यायला लावायचं असतं. झडती घेऊन काढायचं नसतं.