मागच्या खिडकीचे रंग

तुमच्या फोनचा पडदा साधारण १ कोटी ६७ लाख रंग दाखवू शकतो. त्यामुळे रंग वाटून घ्यावे लागतात, ही कल्पनाच तुम्हाला विचित्र वाटेल. पण १९९०च्या दशकातल्या अनेक संगणकांवर सगळ्या खिडक्यांना मिळून एका वेळी फक्त २५६ रंग असत. मेमरी महाग होती. ६४० बाय ४८०च्या पडद्यावर ठिपक्यामागे एक बाइट दिला तरी तीन लाखांहून जास्त बाइट लागत.

एका बाइटमध्ये रंग मावत नाही, त्याचा क्रमांक मावतो. बिटमॅप चित्र एवढंच सांगतं, 'इथे ५७ नंबर.' ५७ म्हणजे कुठला रंग, ते सोबतच्या तक्त्यात, म्हणजे पॅलेटमध्ये पाहायचं. एका चित्रात ५७ म्हणजे हळदीचा पिवळा, दुसऱ्यात समुद्राचा निळा. पडद्याचा तक्ता मात्र एकच. मग कोणाचा चालवायचा?

१९९०मध्ये आलेल्या विंडोज ३.०ने यावर एक पद्धत बसवली. २० रंग राखीव, म्हणजे बटणं आणि अक्षरं सगळ्यांचीच नीट दिसतील. उरलेल्या २३६वर पहिला हक्क समोरच्या खिडकीचा. मागच्यांनी उरलेले घ्यायचे, नाहीतर जवळात जवळचा रंग चालवून घ्यायचा. आणि तक्ता बदलला की तसा निरोप सगळ्या खिडक्यांना जाई.

समोर असणं ही काही लायकी नव्हे. माणसाने तिथे क्लिक केलं, इतकंच. तरी हा अग्रक्रम मला अन्यायाचा वाटत नाही. किमान वाटा सुरक्षित होता, बदलाची खबर मिळत होती आणि एका क्लिकवर पुढचा मागे जात होता. यातली एक गोष्ट जरी काढली, तरी उरते ती नुसती दादागिरी.

खरी अडचण पुढे होती. प्रोग्राम लिहिणारा आपली खिडकी समोर ठेवूनच चाचणी करतो. तिथे सगळं झकास दिसतं. तो निरोप ऐकून चित्र पुन्हा काढायची सोय त्याने केली नसेल, तर खिडकी मागे गेल्यावर चेहरे हिरवे-जांभळे होतात. फाइलमधला एकही बाइट बदललेला नसतो. तरी बघणारा म्हणतो, 'चित्रच खराब आहे.'

माणसांबाबतही आपण हेच करतो. दुसऱ्याच्या तक्त्यावर मोजला गेलेला माणूस बेढब दिसतो आणि दोष त्याच्या माथी येतो. म्हणून नियम करणाऱ्याने तो नियम मागे उभं राहून एकदा पाहावा, हे त्याचं कर्तव्यच आहे. समोरून पाहिलं, तर प्रत्येक नियम न्याय्यच दिसतो.

आता रंग मुबलक आहेत, म्हणून तो तंटा मिटला. आपण त्यातून वाटून घ्यायला शिकलो असं मात्र नाही. वाटून घ्यायची गरज संपली, एवढंच. पाणी, जागा, नोकऱ्या यांच्या बाबतीत ती अजून संपलेली नाही.