एका पैची चूक



श्रीएकनाथ महाराजांची ही कथा आपण कीर्तनातून अनेकदा ऐकली आहे. देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असता नाथांकडे जमाखर्चाचे काम होते. एके रात्री हिशेबात एका पैची चूक राहिली. नाथ दिवा लावून बसले, आणि उत्तररात्री ती सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामींना जाग आली. एका पैची चूक सापडल्याने एवढा हर्ष, तर संसारातील चूक सापडल्यास किती होईल, असे ते म्हणाले.

बहुतेक कीर्तनकार ह्या उपदेशाकडे घाईने धाव घेतात. आम्हांस मात्र अलीकडे कथेच्या पूर्वार्धातच थांबावेसे वाटते. ज्या शिष्यास परमार्थाचा अधिकार द्यावयाचा, त्याच्या हाती गुरूंनी आधी वही का दिली? आणि नाथ पुढे पैठणास गृहस्थ म्हणूनच नांदले, हेही विसरता येत नाही.

आम्ही पुजाऱ्याच्या घरात वाढलो. दक्षिणेची पेटी देवघराशेजारच्या कोनाड्यात असे आणि तीतील पैसे मोजणे हलकेपणाचे मानीत. देवाने दिले, देवच पाहील! वरकरणी हे वैराग्य खरे. परंतु महिनाअखेरीस वाण्याचा निरोप आला की घरात जी कुजबुज चाले, ती काही वैराग्याची नसे.

तेच वळण आम्हांसही लागले. नोकरी लागताच आम्ही क्रेडिट कार्ड घेतले. थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्के व्याज, हा आकडा लहान वाटला. वर्षाचे ते ४२ टक्के होतात, व्याजावर व्याज चढले तर त्याहूनही अधिक, हे गणित शाळेत शिकूनही आम्ही कधी मांडले नाही. बिलाचा संदेश मोबाईलवर आला की तो न उघडता ठेवून देत असू. आरतीत हात टाळ वाजवीत आणि चित्त त्या न उघडलेल्या संदेशापाशी असे. घरी कोणास काही ठाऊक नव्हते.

देवस्थानचे एक वृद्ध सभासद बँकेतून निवृत्त झालेले आहेत. आमचा चेहरा पाहून त्यांनीच विषय काढला व पाच रविवार ते सभामंडपात आमच्याशेजारी बसले. त्यांनी प्रथम काहीच शिकविले नाही, रागेही भरले नाहीत. एका कोऱ्या वहीत सर्व देणे आमच्याच हाताने लिहावयास लावले. मग प्रत्येक मोठ्या खर्चापुढे एकच प्रश्न : "त्या दिवशी मनात काय होते?" उत्तर बहुधा लाजेचे निघे. मित्रांत कमीपणा नको होता; बहिणीच्या सासरी आपला मान राहावयास हवा होता. वस्तूची गरज क्वचितच निघाली.

ह्या कामास आता आर्थिक मार्गदर्शन म्हणतात, आणि शुल्क घेऊन ते करणारेही आहेत. मात्र शुल्क घेऊन अमुक शेअर घ्या, अमुक योजनेत पैसे घाला असा सल्ला देणाऱ्याची 'सेबी'कडे नोंदणी आहे काय, हे अवश्य विचारावे. २०१३ सालापासून तसा नियम आहे. आम्हांस भेटलेल्या गृहस्थांजवळ विकावयास काहीच नव्हते.

पैशाची गोष्ट चारचौघांत बोलणे आपल्या समाजास परके नाही. ह्याच बडोदे शहरात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने आपल्या मराठी कुटुंबांनी अन्योन्य सहायकारी मंडळी काढली. परस्परांस कर्ज द्यावयाचे तर परस्परांची मिळकत व खर्च जाणणे आलेच! आपले पणजोबा ते जाणून असत. आपण मात्र सख्ख्या भावापासून हप्ते लपवितो.

सहाव्या रविवारी आम्ही ती वही वडिलांपुढे ठेवली. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी उठून कोनाड्यातील पेटी आणली व आमच्यापुढे उपडी केली. आईने चष्मा आणला. नाणी, नोटा, जुन्या पावत्या, वाण्याची चिठ्ठी असे सारे मांडून तिघे बसलो. त्या रात्री सात रुपयांचा मेळ लागेना. वडील आज पहाटे काकड्यानंतर पुन्हा वही घेऊन बसले आहेत.