संशयाचा डाव आणि मोठा घोळका

राजा-राणी-चोर-शिपाई हा लपलेल्या भूमिकांच्या खेळाचा सर्वांत लहान नमुना आहे. वहीचे एक पान फाडून चार चिठ्ठ्या करायच्या आणि चौघांत वाटायच्या. राजा आणि शिपाई स्वतःला उघड करतात. उरलेल्या दोघांपैकी चोर कोण, हे शिपायाने ओळखायचे. नेम लागला तर गुण शिपायाला, चुकला तर चोराला. गावोगाव गुणांचे आकडे बदलतात, गाभा तोच राहतो. संशयित दोघेच असल्याने निम्मा भार नशिबावर असतो, आणि चोराला चेहरा सरळ ठेवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

हाच गाभा मोठ्या घोळक्यासाठी वापरला की ‘माफिया’ तयार होतो. मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव्ह यांनी तो 1986 मध्ये रचला. सूत्रधार गुपचूप भूमिका वाटतो. ‘रात्री’ सगळे डोळे मिटतात. मोजके माफिया डोळे उघडून एका गावकऱ्याला बाद करतात. ‘दिवसा’ सगळे मिळून चर्चा करतात आणि मतदानाने एका संशयिताला बाहेर काढतात. सगळे माफिया सापडले तर गाव जिंकते. त्यांची संख्या गावकऱ्यांच्या बरोबरीला आली तर ते जिंकतात. 1997 मध्ये अमेरिकेतील अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियांच्या जागी नरलांडगे आणले. 2018 मध्ये आलेला याच धर्तीचा ‘अमंग अस’ हा मोबाइलवरचा खेळ 2020 च्या टाळेबंदीत जगभर पसरला.

या सर्व खेळांचे इंजिन एकच आहे: थोड्यांना सगळे माहीत असते, बहुतेकांना काहीच माहीत नसते. गुण आणि दोष दोन्ही याच विषमतेतून निघतात.

पहिला गुण सोपेपणाचा. पत्त्यांच्या डावाला चार-सहा जण पुरतात, क्रिकेटला मैदान लागते. येथे पंधरा-वीस जणांना एका डावात सामावून घ्यायला चिठ्ठ्या, पेन आणि एक चांगला सूत्रधार एवढेच लागते. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात शाळेच्या वर्गात, लग्नघरी किंवा अंगणात हा डाव फुकट मांडता येतो. दहा वर्षांचा नातू आणि साठीची आजी एकाच पायरीवर येतात, कारण ताकद किंवा सराव कोणालाच फारसा उपयोगी पडत नाही. दुसरा गुण शिकवणुकीचा. कोणी कोणावर मत टाकले, काल काय म्हटले आणि आज काय म्हणतो, हे लक्षात ठेवून चार लोकांपुढे मुद्देसूद मांडावे लागते. बोलायला शिकण्याइतकाच ऐकायला शिकण्याचा हा सराव आहे.

संख्या वाढली की हिशेब मात्र अवघड होतो. सात जणांत एकच माफिया असेल, डाव दिवसापासून सुरू झाला आणि रोज निव्वळ चिठ्ठी टाकून एकाला बाहेर काढले, तर गाव जिंकण्याची शक्यता सुमारे 54 टक्के असते. एक गडी वाढवून आठ केले तर ती सुमारे 45 टक्क्यांवर घसरते. प्रत्येक दिवस-रात्रीत दोघे बाद होतात. त्यामुळे आठवा गडी गावाला मतदानाचा एकही जादा दिवस मिळवून देत नाही, फक्त संशयितांची गर्दी वाढवतो. नवव्यामुळे तो दिवस मिळतो आणि शक्यता 59 टक्क्यांवर जाते. मार्क ब्रेवरमन, ओमिद एतेसामी आणि एल्चानन मॉसेल या गणितज्ञांनी 2008 मध्ये दाखवून दिले, की गावाच्या बाजूने रात्री एकेकाची भूमिका गुपचूप जाणून घेणारा गुप्तहेर नसेल तर दोन्ही पक्षांना तुल्यबळ संधी देण्यासाठी माफियांची संख्या एकूण गड्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवावी लागते. गडी चौपट झाले तर माफिया दुप्पटच करायचे. गुप्तहेर असला तरच ठरावीक टक्केवारीने माफिया वाढवता येतात.

दुसरी अडचण वेळेची. वीस जणांनी एकेक मिनिट बोलायचे म्हटले तरी एका दिवसाला वीस मिनिटे जातात. पहिल्याच रात्री बाद झालेला गडी तासभर भिंतीला टेकून बसतो, आणि मोठ्या डावात असे बसणारे वाढतच जातात. शिवाय वीस जणांत चर्चा सगळ्यांची राहत नाही. तीन-चार मोठे आवाज ती चालवतात, बाकीचे त्यांच्या मागे हात वर करतात. जो गप्प बसतो तोच आधी संशयित ठरतो. ज्या घोळक्यात सून सासऱ्यांवर किंवा विद्यार्थी गुरुजींवर आरोप करायला कचरतो, तेथे मते पुराव्याऐवजी मानपानावर पडतात.

तिसरा दोष सर्वांत खोल आहे. चेहरा पाहून खोटे ओळखता येते, हा विश्वास खेळ पक्का करतो. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी 24,000 हून अधिक व्यक्तींनी दिलेल्या निर्णयांचा आढावा 2006 मध्ये मांडला. खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी 54 टक्के वेळा बरोबर ठरली. नाणे उडवण्यापेक्षा किंचितच जास्त. तरीही खेळात प्रत्येक जण ‘याचे डोळेच सांगतात’ असे खात्रीने म्हणतो.

ही खात्री खेळाबाहेर जीवघेणी ठरते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी होते, आणि त्यांतील बहुतेक जण पंढरपूरला लागूनच असलेल्या मंगळवेढा तालुक्यातून तेथे गेले होते. अफवा, अनोळखी चेहरा आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या खात्रीने आलेली खात्री, एवढ्यावर तो निवाडा झाला. त्या समाजाच्या अनेक भटक्या भावंडांना 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, संशय मात्र उरला. सोलापूर जिल्ह्यात ‘चोर ओळखा’ हा खेळ मांडणाऱ्याने हे विसरू नये. भूमिका केवळ चिठ्ठीने ठरावी. जात, वस्ती, पेहराव किंवा जुने भांडण यांचा उल्लेख आरोपात येऊ देऊ नये.

तरीही हेच कारण खेळ सोडण्याऐवजी नीट खेळण्याकडे नेते. सात जणांत एक माफिया असताना पहिल्या दिवशीचा अंदाधुंद निवाडा सातांपैकी सहा वेळा निरपराधावर पडतो. बाद झालेल्याची चिठ्ठी लगेच उघडली, की घोळक्याला आपली चूक डोळ्यांसमोर दिसते आणि कोणाचेही रक्त सांडलेले नसते. गर्दीच्या खात्रीची किंमत समजावून देणारे इतके स्वस्त साधन दुसरे क्वचितच सापडेल.

म्हणून व्यवस्था संख्येनुसार बदलावी. पाच ते दहा जणांसाठी ‘द रेझिस्टन्स’ हा खेळ चांगला. त्यात कोणीच बाद होत नाही. वीसपर्यंत ‘ब्लड ऑन द क्लॉकटॉवर’ या खेळाची रीत घ्यावी: बाद झालेलेही बोलत राहतात आणि त्यांच्याकडे एक शेवटचे मत उरते. तिसापर्यंत ‘टू रूम्स अँड अ बूम’प्रमाणे घोळका दोन खोल्यांत वाटावा. त्याहून मोठ्या मेळाव्यात सरळ दोन-तीन स्वतंत्र डाव मांडावेत. गुप्तहेर नसलेल्या छोट्या डावात गड्यांची संख्या विषम ठेवावी, बोलण्याची वेळ घड्याळाने बांधावी आणि मतदान एकाच वेळी बोट दाखवून घ्यावे, म्हणजे आधीच्या हातांकडे पाहून पुढचे हात वर होणार नाहीत. डाव संपल्यावर सूत्रधाराने दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: कोणत्या पुराव्यावर मत दिले?