भट्टीपाशी घडलेलं दान

साताऱ्यात आमच्या कॉलनीतल्या बायका दिवाळीच्या आधी नानकटाई करून विकतात आणि आलेले पैसे खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलींच्या वसतिगृहाच्या मेसला देतात. शेजारच्या काकांचा यावर आक्षेप ठरलेला. "वहिनी, ज्याला द्यायचंय त्यानं पाचशेची नोट काढून द्यावी. पैसे मोजून पुडा घरी न्यायचा, याला दान म्हणू नका." काका रोज गीता वाचतात आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेडीची अपेक्षा नाही अशा योग्य माणसाला, योग्य वेळी, द्यायलाच हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. मोबदल्यावर डोळा ठेवून किंवा जड मनानं दिलेलं ते राजस. नानकटाईचा पुडा हा मोबदलाच झाला की!

विकत घेणाऱ्यापुरतं काकांचं मला पटतं. त्यानं माल घेतला, पैसे दिले, व्यवहार संपला. त्याला पुण्य लागलं असं आपण सांगत सुटू नये. पण दान त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं, बेकरीत.

दुपारी पाव निघाले की बेकरीवाले आम्हाला भट्टी देतात. सामान आपलं, भाजायचे पैसे किलोवर. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहातानं फेसत बसायचं, पार पांढरं, हलकं होईस्तोवर. तिथं घाई केली तर नानकटाई दगड होते. माझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी गेल्या वर्षी कामं उरकून तशाच आल्या आणि परात पुढ्यात ओढून बसल्या. मनगट दुखायला लागलं की आम्ही हात बदलायचो, त्या बदलेनात. मग मैदा, वेलची, गोळे वळून अंगठ्यानं हलकासा दाब, वर एकेक चारोळी. पत्र्यावर अंतर राखून लावायचंही त्यांनीच आम्हाला दाखवलं, कारण भट्टीत ती पसरते.

वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन निघालो असतो तर मावशींच्या दारी आमच्यातलं कुणी गेलंच नसतं. नोट काढायची ऐपत असेल त्यालाच देता यावं, हे मला धर्माला धरून वाटत नाही. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली सर्व जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. ते चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही विकावं लागलं. भाऊरावांचा मुष्टिफंड मला फार मोठी गोष्ट वाटते: घरातल्या बाईनं दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. तिच्या हातात पैसा नव्हता, पण धान्य तिच्या हातातून जात होतं, आणि तेवढ्यानं ती देणारी झाली.

काकांच्या प्रश्नापेक्षा मला छळतो तो फुटक्या नानकटाईचा प्रश्न. पुडे भरले की तळाशी तुकडे, कडेला करपलेल्या काही उरतात. "त्या मुलींना पाठवून देऊ, वाया कशाला घालवायच्या?" असं कुणीतरी सहज म्हणतं, आणि मनात वाईट काही नसतं. पण कठोपनिषदातला नचिकेता लहान असून बापाच्या यज्ञात नेमकं हेच बघतो. दान म्हणून निघालेल्या गाई म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा वेत न होणाऱ्या. तो बोलतो, म्हणून बाप चिडतो आणि त्याला मृत्यूला देऊन टाकतो. अनादरानं दिलेल्याला गीता तामस म्हणते, आणि उरलंसुरलं पाठवण्यात तो अनादर असतोच, आपल्याला दिसो न दिसो. म्हणून मी हट्टानं सांगितलं की पहिला पत्रा मुलींचा. तुकडे आपण आपल्या घरी चहाबरोबर खाऊ.

यंदा त्या मुलींनीच विचारलंय, आम्ही गोळे वळायला येऊ का? कॉलनीत कुरबुर झाली. ज्यांच्यासाठी करतोय त्यांनाच राबवायचं का, दिसायला बरं दिसेल का? मला उलट वाटतं. कायम घेणाऱ्याच्या जागी बसवून ठेवणं, हाही एक अनादरच. भाऊरावांच्या बोर्डिंगातली मुलंसुद्धा काम करूनच शिकली. वसतिगृहाच्या बाईंशी माझं बोलणं झालंय. सहामाही परीक्षा संपली की मुली येतील, आणि परात मावशींकडेच राहील.