कच्चे लिंबू

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सातारा-सांगलीकडच्या वाड्यावस्त्यांवर मुलांचे खेळ रंगू लागतात. एखादी विद्यार्थिनी याच सुट्टीत बालपणातील अपंगत्वाच्या अभ्यासासाठी घरोघर हिंडू लागली, तर निदान काय, औषध कोणते, दाखला मिळाला काय, या प्रश्नांची उत्तरे आईवडील चटकन देतील. 'मूल कोणाबरोबर खेळते?' या प्रश्नाशी मात्र पुष्कळ घरे अडखळतील, असे आम्हांस वाटते.

आपली मुले निर्दय आहेत, असे मुळीच नाही. लहान वा दुबळ्या गड्याला 'कच्चे लिंबू' म्हणून खेळात घ्यायचे व तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही, ही रीत त्यांचीच. धाकट्या भावंडास ही सवलत गोड वाटते, कारण वर्ष-दोन वर्षांत ते पक्का गडी होते. परंतु कुबड्यांवर चालणाऱ्या मुलास ती कायमची चिकटली तर? ज्याचे बाद होणे मोजले जात नाही, त्याचे जिंकणेही कोणी मनापासून मोजत नाही. तो पटांगणात असतो, पण खेळाबाहेरच राहतो.

मग सर्वांना सरसकट एकच नियम लावावा काय? तोही अन्यायच. अंधांच्या क्रिकेटने या पेचातून वाट काढली आहे. तेथे चेंडू आवाज करीत येतो, गोलंदाज तो हात खालून टाकतो. संघातील किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात व त्यांची प्रत्येक धाव दुप्पट धरली जाते. त्रिफळा उडाला, तर मात्र तो फलंदाज बादच! नियम माणसाला पाहून बदलला, पण माणसाला खेळातून वगळले नाही.

आपल्याच भागातील उदाहरण घ्या. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण अवघ्या सहा सेंटिमीटरने हुकले. ते सहा सेंटिमीटर दयेपोटी कोणी माफ केले नाहीत. त्या रौप्याचे मोल त्यातच आहे.

येथे कोणी रास्त शंका घेईल : ज्या बालकास हार-जीत उमजतच नाही, त्याचे काय? अशा बालकाच्या बाबतीत मोजणे म्हणजे त्याची पाळी राखणे. चेंडू त्याच्या हाती आला की त्याने तो टाकेपर्यंत सर्वांनी थांबावे. घाईने त्याच्या वतीने दुसऱ्याने टाकू नये. त्याचा आनंद हाही खेळाचा हिशेबच आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शिक्षणसंस्थांनी अपंग मुलांना खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावयाची आहे. कायदा पटांगणाचे दार उघडील. सवंगडी मात्र घराघरांतूनच यावे लागतील.

म्हणून, पालकहो, येत्या सुट्टीत चर्चच्या आवारात खेळ सुरू होईल, तेव्हा 'त्याला सांभाळून घ्या' एवढेच सांगून थांबू नये. 'सर्वांना खेळता यावे म्हणून नियम कोणता बदलाल?' असे मुलांना विचारावे, आणि पहिले उत्तर त्या मुलाला देऊ द्यावे. नियम ठरविण्यात ज्याचा वाटा असतो, त्याला कच्चे लिंबू कोण म्हणेल?