पारध ते बेथेल

जालना जिल्ह्याच्या नकाशावरची दोन नावं मला नेहमी एकमेकांकडे बघत बसल्यासारखी वाटतात. एक उत्तरेला, भोकरदन तालुक्यातलं पारध. गावकरी हे नाव पराशर ऋषींशी जोडतात, पण शब्द कानावर पडला की आधी डोळ्यांपुढे येते ती शिकार. दुसरं नाव जालना शहराजवळचं, बेथेल. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी इथे ख्रिस्ती वसाहत उभारली, त्या वेळी हा सगळा मुलूख निजामाचा होता. हे नारायण शेषाद्री म्हणजे ज्यांच्या धाकट्या भावाच्या, श्रीपतच्या, शुद्धीवरून १८४३ साली मुंबईत वादळ उठलं आणि बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला, तेच. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने मुसलमान राज्यात वसवलेल्या ख्रिस्ती गावाला यहुद्यांच्या भाषेतलं नाव मिळालं. बेथेल म्हणजे देवाचं घर.

या नावामागची गोष्ट एका शिकाऱ्यापासून सुरू होते. इसहाक म्हातारा झाला, डोळे गेले. त्याने थोरल्या मुलाला, एसावाला, बोलावलं आणि सांगितलं, की रानात जा, शिकार आण, माझ्या आवडीचं रांधून वाढ, म्हणजे मी तुला आशीर्वाद देईन. एसाव धनुष्य घेऊन रानात गेला. इकडे धाकट्या याकोबाने आईच्या सल्ल्याने घरच्या करडांचं मटण शिकारीसारखं रांधलं, हातांवर करडाची कातडी गुंडाळली आणि आंधळ्या बापाकडून आशीर्वाद घेऊन टाकला. शिकारी परतला तेव्हा देण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो रडला, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का, असं त्याने बापाला विचारलं. भावाच्या रागाला भिऊन याकोब पळाला, वाटेत धोंडा उशाला घेऊन झोपला, स्वप्नात त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली. त्या जागेला त्याने नाव दिलं बेथेल.

म्हणजे बेथेलच्या पायाशी एका शिकाऱ्याचा हुकलेला आशीर्वाद आहे. सणासुदीला आपण एकमेकांना ज्या शुभेच्छा वाटतो, त्या आशीर्वादाच्याच धाकट्या बहिणी. त्या कुणाच्या वाट्याला येतात आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न जालन्याच्या नकाशानेच माझ्यापुढे टाकला आहे.

आधी शिकारीचं बघू. यहुदी धर्मशास्त्राचं शिकारीशी फारसं जमत नाही. गोळीने किंवा बाणाने मेलेलं जनावर त्यांना खाता येत नाही. ते जिवंत, धड हाती लागलं पाहिजे आणि विधिपूर्वक सुरीने कापलं पाहिजे. हरिण चालतं, ससा आणि रानडुक्कर चालत नाही. आणि रानातलं जनावर किंवा पाखरू कापलं, की त्याचं सांडलेलं रक्त मातीने झाकायचं. घरच्या शेळी-मेंढीला हा नियम नाही. जे आपण पोसलं नाही, ते घेताना माणसाने थोडं ओशाळावं, असं मला या मूठभर मातीत दिसतं.

अठराव्या शतकात प्राग शहरातले मोठे धर्मपंडित यहेज्केल लांडाऊ यांच्याकडे एक प्रश्न आला. एका यहुदी गृहस्थाच्या मालकीत गावं आणि रानं आली होती. त्याने बंदूक घेऊन शिकारीला जावं का? लांडाऊंनी उत्तरात दाखवून दिलं, की धर्मग्रंथात शिकारी म्हणून नावाजलेली माणसं दोनच, निम्रोद आणि एसाव. पोटासाठी, धंद्यासाठी जनावर मारणं वेगळं. मौजेसाठी मारणं त्यांना पटेना. पण त्यांच्या युक्तिवादातला एक धागा मला फार मोलाचा वाटतो. कुणी नवं वस्त्र घातलं, की यहुद्यांमध्ये त्याला म्हणतात, हे जुनं होईपर्यंत वापर आणि पुन्हा नवं घे. मात्र जोडा किंवा कातड्याचा कपडा नवा असेल, तर काही जण हे म्हणत नाहीत. कारण पुन्हा नवं घे म्हटलं, की आणखी एक जीव जायला हवा असं म्हटल्यासारखं होतं. जुन्या शास्त्रकारांनीही हे कारण लेचंपेचं असल्याचं कबूल केलं होतं, तरी रिवाज राहिला. लांडाऊंनी त्याचाच आधार घेतला. ज्यांना शुभेच्छा देतानाही मुक्या जनावराचा विचार सुचतो, त्यांनी गंमत म्हणून बंदूक कशी उचलावी?

तोंडातून निघणारी शुभेच्छा कुणाच्या जिवावर उठत नाही ना, हे बोलण्याआधी तपासणारी माणसं होती तर.

आता मराठवाड्याच्या रानात येऊ. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा येण्यापूर्वीच्या काळातली एक रात्र कल्पून बघा. शेकोटीभोवती चौघे आहेत: बंदूकवाला मराठा पाटील, त्याचा मुसलमान मित्र, रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून इकडे आलेला बेने इस्राएल यहुदी, आणि माग काढून देणारा फासेपारधी. माणसं कल्पित आहेत, पण त्यांचे नियम खरे आहेत. गोळी लागून हरिण कोसळलं, की मुसलमान मित्र सुरी घेऊन धावणार, धुगधुगी आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून मान कापली पाहिजे. पाटलाला त्याचं काही वाटणार नाही. गावात बोकड कापायला मुलाणीच लागतो, हे त्याने जन्मापासून पाहिलेलं. बेने इस्राएल मात्र त्या हरणाला हात लावणार नाही. त्याला चालेल असं काही असलंच, तर ते पारध्याच्या फासात.

पारध्याचा फास पाखरू मारत नाही, धरतो. तितर, लाव्हरी जिवंत बाजारात येत. मग ज्याचा जो धर्म असेल त्याप्रमाणे त्याने ती कापावीत. बंदुकीचा बार झाला, की या चौघांतला कुणीतरी उपाशी राहतो. फास मात्र निवड पुढच्या माणसावर सोपवतो. चौघांच्या पंगतीला खरा आधार पारध्याच्या कसबाचा, आणि शेकोटीपासून सगळ्यांत लांब बसलेलाही तोच.

चौघांची मैत्री आपण कशाला म्हणणार? एका ताटात जेवले तर मैत्री, अशी आपली ढोबळ समजूत आहे. मला उलट वाटतं. समोरचा काय खाणार नाही हे पाठ असणं, आणि त्याला न विचारता त्याची सोय लावणं, ही जास्त खोल ओळख. सणाच्या शुभेच्छेचंही तसंच. दुसऱ्याचं पंचांग ठाऊक नसताना दिलेली शुभेच्छा म्हणजे पत्ता न लिहिता टाकलेलं पत्र.

बेने इस्राएलांचं पंचांग आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची ती लेकरं, अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून कोकणाने त्यांना शनवार तेली म्हटलं. सणांची नावंही त्यांनी मराठीच ठेवली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. पुरीम फाल्गुनाच्या पुनवेच्या आसपास येतो म्हणून तो होळीचा सण. शोकाचा एक उपवास बिरड्याचा रोजा. त्यात बिरडं कोकणाचं आणि रोजा शेजाऱ्याचा. यहुदी वर्षही आपल्यासारखं चंद्राचं आणि अधिक महिन्याने सूर्याशी जुळवून घेतलेलं, एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. त्यामुळे त्यांचं नवं वर्ष अनेकदा आपल्या घटस्थापनेपाशी येतं आणि दहाव्या दिवसाचा प्रायश्चित्ताचा उपवास, योम किप्पुर, आपल्या दसऱ्यापाशी. २०२५ साली दोन्ही दशमी २ ऑक्टोबरलाच आल्या. २०२६ साली आपल्याकडे अधिक ज्येष्ठ असल्याने त्यांच्यात महिन्याचं अंतर पडतं.

त्या एका दशमीला काय काय घडतं पाहा. पाटलाच्या वाड्यात बंदूक पुसून पाटावर ठेवली आहे, तिला हळदकुंकू लागलं आहे, कारण दसरा हा हत्यारांचा सण. त्याच दिवशी यहुदी माणूस अन्नपाणी सोडतो आणि पायात कातड्याची चप्पलही घालत नाही. बेने इस्राएल या दिवसाला दरफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचं. या माणसाला शेजाऱ्याने काय म्हणावं? सण आनंदाचा जावो? ते चुकीचं होईल. उपवास सुखाने पार पडो, एवढं म्हणता येतं. जुन्या शेजाऱ्याला तर तेवढंही म्हणावं लागत नसे. बंद दारावर आज थाप मारायची नाही, हे कळणं हीच त्या दिवसाची शुभेच्छा. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दारं उघडत, दानधर्म होई, माणसं एकमेकांकडे जात.

काही दिवस असेही असतात, की त्या दिवशी अभिवादनच करायचं नसतं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकदिनी यहुदी एकमेकांनाही शालोम म्हणत नाहीत. आपण मोहरमच्या आशुऱ्याला हौसेने शुभेच्छांची चित्रं पाठवतो, तेव्हा शिया मित्राला काय वाटत असेल? खरं तर ही रीत मराठी माणसाला शिकवायला नको. इतर घरांतून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. मयताच्या घरातून निघताना तो शब्द तोंडातच ठेवतो. शब्द कुठे गिळायचा याची इतकी बारीक जाण असलेली आपली भाषा, दुसऱ्याच्या सणाला मात्र एकच ठोकळा सगळ्यांना वाटत सुटते.

शिकारीपासून करुणेपर्यंत खरोखर चालत गेलेला एक बेने इस्राएल माणूस आपल्याला माहीत आहे. रूबेन डेव्हिड, मूळ आडनाव दांडेकर, घर अहमदाबादेत. तरुणपणी शिकारीचा नाद होता. तो सुटला आणि स्वतःच शिकून ते जनावरांचे वैद्य झाले. १९५१ मध्ये त्यांनी कांकरियाचं प्राणिसंग्रहालय उभं केलं. १९७५ साली पद्मश्री मिळाली. जन्माचे वैरी समजले जाणारे प्राणी एकाच पिंजऱ्यात वाढवण्याचे त्यांचे प्रयोग गाजले. लेखिका एस्थर डेव्हिड या त्यांच्या कन्या. त्यांना २०१० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हातातली बंदूक खाली ठेवायची मोकळीक सगळ्या शिकाऱ्यांना सारखी नव्हती, हेही इथे सांगितलं पाहिजे. बंदूकवाल्याने शिकार सोडली, की तो निसर्गप्रेमी झाला, त्याच्या आठवणी दिवाळी अंकांत छापून आल्या. फासवाल्याचं तसं झालं नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यात पारधीही भरडले गेले. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं गेली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. पुढे १९७२ च्या कायद्याने रान वाचवायला हवंच होतं, पण त्या रानावर जगणाऱ्याने उद्या काय खावं याचं उत्तर त्यात नव्हतं. फास गेला, संशय तेवढा राहिला.

यहुद्यांचा एक मोठा सण, पेसाह, मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा. त्या रात्री घरातलं लहान मूल प्रश्न विचारतं आणि मोठी माणसं सांगतात, की आपण दास होतो आणि बाहेर पडलो. बेड्या तुटल्याची आठवण दरवर्षी ताटात वाढून घ्यायची, अशी ही रीत. आपल्या जिल्ह्यातही बेड्या तुटल्याचा एक दिवस आहे, त्याची तारीख ठरलेली आहे. ३१ ऑगस्टला आपल्यातल्या किती जणांनी पारध्याला काही म्हटलं? त्या दिवशी काय म्हणायचं असतं, याला आपल्याकडे शब्दच घडलेला नाही. तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का, हा एसावाचा प्रश्न पारधपासून बेथेलपर्यंत अजून तसाच पडून आहे.

दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. गावाची शीव ओलांडायची, आपट्याचं पान घ्यायचं आणि परत येऊन थोरामोठ्यांच्या हातात सोनं ठेवायचं. पारध्याची पालं बहुतेक गावांत शिवेच्याच पलीकडे असतात. म्हणजे दरवर्षी दसऱ्याला आपण त्या पालांच्या वाटेवर असतोच. तिथून सोनं घेऊन आपण मागे वळतो. कुणाचं दार त्या दशमीला बंद आहे हे ज्या शेजाऱ्याला कळत होतं, तो या ठिकाणी वळला नसता. चार पावलं आणखी गेला असता.